मनाच्या आजारांवर काम करायचे आहे : वाट कोणती, आणि शिकायचे कोणाच्या नजरेखाली?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक हमखास एक प्रश्न घेऊन येतात : "मुलीला सायकॉलॉजी घ्यायचे आहे, पुढे काय होते?" मुलीला विचारले तर ती सांगते की मैत्रिणी मन मोकळे करायला तिच्याकडेच येतात, तिला माणसे समजून घ्यायला आवडतात, आणि थोडे अधिक बोलल्यावर कळते की घरातल्या कोणाची तरी अवस्था तिने फार जवळून पाहिलेली आहे. हे कारण मी कधीही कमी लेखत नाही, कारण या क्षेत्रात टिकून राहिलेल्या अनेकांची सुरुवात अशीच झालेली मला ठाऊक आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. 'सायकॉलॉजी' या एका शब्दाच्या पोटात पाच-सहा वेगवेगळे व्यवसाय आहेत, प्रत्येकाचे शिक्षण वेगळे, नोंदणी वेगळी, कायद्याने दिलेले अधिकार वेगळे. आणि हा फरक अनेकांना पदवीच्या तिसऱ्या वर्षी कळतो, तोवर एखादी वाट बंद झालेली असते.

गोंधळाला आपली भाषाही थोडा हातभार लावते. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द वर्तमानपत्रात औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरसाठी येतो, बोलून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञासाठीही येतो, आणि एखाद्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर समुपदेशकाच्या नावापुढेही छापलेला दिसतो. म्हणून या लेखापुरते शब्द ठरवून घेऊ. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवी घेऊन पुढे मनोविकारशास्त्रात विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर, ज्याला इंग्रजी वळणाने आपण सायकियाट्रिस्ट म्हणतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रातून आलेला, मानसिक चाचण्या आणि मानसोपचार करणारा, पण औषधे न देणारा तज्ज्ञ. त्यांच्याखेरीज मनोविकार क्षेत्रातला सामाजिक कार्यकर्ता, मनोविकार परिचारिका, समुपदेशक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट असे आणखी चार व्यवसाय आहेत.

माणसांची गरज किती मोठी आहे हे आधी नीट पाहावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात पाहणीच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचले नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्यावर चिकटवू नयेत. तरीही तालुक्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञ शोधणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कायदा कोणाला काय म्हणतो

मनोविकारतज्ज्ञाची वाट सर्वांत लांब, पण सर्वांत स्पष्ट आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, मग नीट ही प्रवेश परीक्षा, साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यानंतर नीट-पीजी आणि तीन वर्षांचे एमडी किंवा त्याच्या तोडीचे डीएनबी. शासकीय महाविद्यालयातून शिकणाऱ्यांना मध्ये बंधपत्रित सेवाही द्यावी लागते. अकरावीत कला शाखा घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी ही वाट तिथेच जवळजवळ बंद होते, म्हणून हा निर्णय दहावीनंतरचा आहे, बारावीनंतरचा नाही. ज्याला मेंदू, शरीर आणि औषधे यांत खरा रस आहे आणि रात्रीच्या वॉर्डातली ड्यूटी झेपणार आहे, त्याने ही वाट घ्यावी. केवळ 'डॉक्टर झाले की मान मिळतो' म्हणून कोणी सुचवत असेल, तर आठ-नऊ वर्षे हा फार मोठा काळ आहे हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या बाबतीत मात्र सावकाश वाचणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक विद्यार्थी इथेच चुकतात. मानसशास्त्रात एम.ए. केले म्हणजे माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाला, अशी सार्वत्रिक समजूत आहे; एम.ए.च्या प्रमाणपत्रावर 'क्लिनिकल' हा शब्द छापलेला असेल तर ती आणखी पक्की होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात या व्यवसायाची व्याख्या दिलेली आहे आणि ती भारतीय पुनर्वसन परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या शिक्षणाशी जोडलेली आहे. आरसीआय ही १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेली संस्था असून ती केंद्रीय पुनर्वसन नोंदवही ठेवते. त्या नोंदवहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्या कायद्यात सांगितल्या आहेत. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटते. नोंदणीचे खरे महत्त्व कळते ते रुग्णालयातली जागा, चाचण्यांचे अधिकृत अहवाल आणि शासकीय प्रमाणपत्रे यांचा प्रश्न येतो तेव्हा, कारण नोंदणी नसलेल्या माणसाला तिथे उभेच राहता येत नाही.

या नोंदणीपर्यंत जाण्याचा रूढ मार्ग असा होता : मानसशास्त्रात पदवी, मग किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर रुग्णालयाशी जोडलेल्या मान्यताप्राप्त विभागात दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, बंगळुरूचे निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोविकार संस्था ही अशा शिक्षणाची परिचित ठिकाणे आहेत. जागा मोजक्या असतात आणि एकेका जागेसाठी देशभरातून अर्ज येतात, त्यामुळे एक-दोन वर्षे तयारीत गेली तर त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. हा मार्ग आता बदलतो आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद करायचे ठरवले, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांतील एम.फिल.ला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. म्हणजे आज पदवीच्या पहिल्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याने मोठ्या बहिणीच्या किंवा सरांच्या अनुभवावर विसंबून राहू नये. आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे मान्य अभ्यासक्रम आणि मान्य संस्था यांची यादी असते. प्रवेशशुल्क भरण्याच्या आदल्या आठवड्यात ती स्वतः उघडून पाहावी, संस्थेच्या माहितीपत्रकावरचा 'मान्यताप्राप्त' हा शब्द पुरेसा समजू नये. मान्यता कोणाची, कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे तीन प्रश्न त्या एका शब्दामागे लपलेले असतात.

समुपदेशकाची स्थिती याहून सैल आहे, आणि मला सर्वाधिक काळजी याच ठिकाणी वाटते. शाळा, महाविद्यालये, कंपन्या, कुटुंब न्यायालये, व्यसनमुक्ती केंद्रे, एचआयव्ही तपासणी केंद्रे अशा अनेक ठिकाणी समुपदेशक काम करतात आणि त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु देशात दीर्घकाळ 'समुपदेशक' ही पाटी लावण्यासाठी एकच एक सक्तीची नोंदणी नव्हती, आणि त्या पोकळीत तीन महिन्यांची, सहा आठवड्यांची, अगदी दोन शनिवार-रविवारांची प्रमाणपत्रेही विकली गेली. अशा एका वर्गाची फी भरून आलेला एक तरुण मला भेटला होता. प्रमाणपत्र सोनेरी अक्षरांत होते, पण वर्गाच्या संपूर्ण काळात त्याने एकाही खऱ्या माणसाशी, जाणकाराच्या देखरेखीखाली, एक तासही संवाद केलेला नव्हता. पुढच्याच महिन्यात त्याच्यासमोर आत्महत्येचे विचार बोलून दाखवणारी मुलगी येऊन बसली असती, तर त्याने काय केले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

२०२१ साली संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या वर्तनविषयक आरोग्यशास्त्राच्या गटात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि आरोग्यक्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश केलेला आहे. म्हणजे ज्यांना आजवर कोणतीच नोंदवही नव्हती त्यांच्यासाठी ती तयार होण्याची वाट मोकळी झाली, जरी राज्यपातळीवरची घडी पूर्ण बसायला वेळ लागत असला तरी. याच कायद्याचा एक परिणाम पालकांना अजून पुरेसा माहीत नाही : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. नोकरी करता करता घरबसल्या मानसशास्त्राचे एम.ए. करू, असा बेत ज्यांनी आखला असेल त्यांना तो बदलावा लागेल. लहान गावांतल्या, विशेषतः लग्न झालेल्या मुलींसाठी हा निर्णय जाचक आहे, हे मी मान्य करतो. तरीही त्यामागचे कारण मला पटते, कारण समोरच्या माणसाचा आवाज कुठे अडकला हे टपालाने आलेल्या पुस्तकातून शिकता येत नाही.

रुग्ण घरी जातो तेव्हा

मनोविकार क्षेत्रातल्या सामाजिक कार्यकर्त्याबद्दल विद्यार्थ्यांना जवळजवळ काहीच माहीत नसते. हे माझे स्वतःचे काम असल्यामुळे त्याविषयी थोडे अधिक लिहितो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. अशा ठिकाणी रुग्णाचे औषध डॉक्टर ठरवतात, चाचण्या मानसशास्त्रज्ञ करतात. पण बरा होऊन घरी जाण्यास तयार असलेल्या माणसाला घरचे लोक स्वीकारतील का, गावात त्याला 'येडा' म्हणून हिणवले जाईल का, औषध संपल्यावर तालुक्याला जाण्याचे भाडे कोण देईल, शेतातला त्याचा हिस्सा मधल्या काळात भावाच्या नावावर तर गेला नाही ना, हे प्रश्न सामाजिक कार्यकर्त्याच्या वाट्याला येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचाही समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवून देणे आणि त्यावर अवलंबून असलेल्या योजनांपर्यंत कुटुंबाला नेणे हाही कामाचाच भाग असतो. कागदपत्रांचे हे काम कोणाला रुक्ष वाटेल. मला तसे कधी वाटले नाही, कारण एका प्रमाणपत्रामुळे एखाद्या आईला महिन्याची औषधे आणि घरातले अन्न यांतून एकाची निवड करावी लागत नाही, हे मी पाहिलेले आहे.

या वाटेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, हा तिचा मोठा फायदा आहे. पदवीनंतर दोन वर्षांचे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण, करावे लागते. मुंबईत १९३६ साली सुरू झालेली आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली गेलेली संस्था, तिथलेच निर्मला निकेतन, पुण्याची १९६३ ची कर्वे समाज सेवा संस्था ही त्यासाठीची जुनी नावे. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणवून घेण्यासाठी त्याच्यापुढे दोन वर्षांचे विशेष शिक्षण लागते, आणि एम.फिल.विषयी वर लिहिलेली सावधगिरी इथेही तितकीच लागू होते. केवळ एमएसडब्ल्यूवरही रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाच्या किंवा स्वयंसेवी संस्थांतल्या जागा असतात.

परिचारिकेची वाट बारावीनंतर लवकर कमावते करणारी आहे : तीन वर्षांची जीएनएम ही परिचर्येची पदविका किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, आणि पुढे मनोविकार परिचर्येतील एक वर्षाची पदविका किंवा दोन वर्षांची एम.एस्सी. वॉर्डातल्या रुग्णाजवळ सर्वाधिक तास असते ती परिचारिका, आणि त्याची झोप बिघडली, तो गप्प झाला, त्याने भाकरी बाजूला सारली, हे सर्वांत आधी तिच्याच लक्षात येते. ऑक्युपेशनल थेरपीचा विचार तर फारच थोडे विद्यार्थी करतात. आजाराने मोडलेली दिनचर्या पुन्हा बसवणे, म्हणजे आंघोळ, स्वयंपाक, बाजार, हिशोब, नोकरी ही कामे माणसाला पुन्हा स्वतः करता येतील असे करणे, हे त्या शास्त्राचे काम. आशियातली या विषयाची पहिली शाळा १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी सुरू केली. जन्माने अमेरिकन असलेली आणि निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेली ही बाई आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना माहीत नसावी, याची खंत वाटते.

देखरेख म्हणजे नेमके काय

आता या लेखातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वरच्या सर्व वाटांमध्ये पदवीचे नाव, वर्षे आणि परिषद बदलते. एक गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे सुपरव्हिजन, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर केलेले काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत कायद्याने 'देखरेखीखालील प्रशिक्षण' हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. तरीही प्रवेश घेताना विद्यार्थी शुल्क, वसतिगृह, नोकरीची हमी यांची चौकशी करतो आणि आपल्या केसेस कोण ऐकणार आहे, हे मात्र विचारत नाही.

माझ्या प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट आहे. ओपीडीत चाळिशीच्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "काय झालंय काय माहीत, मला करमत नाही." मी केसपेपरवर इंग्रजीत कंटाळा या अर्थाचा शब्द लिहिला आणि त्यांना एखादा छंद लावून घ्या, असे सुचवून मोकळा झालो. दुपारी माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या आमच्या मॅडमनी तो कागद वाचला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "कधीपासून करमत नाही? त्याआधी त्यांना कशात करमायचं? झोप कधी मोडते? जेवण गोड लागतं का?" माझ्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यात त्या बाई पुन्हा आल्यावर मी हे प्रश्न विचारले, तेव्हा कळले की सात महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते, नातवाला मांडीवर घेतले तरी काही वाटत नाही, आणि विहिरीकडे जाताना मनात 'नाही नाही ते' येते. ते 'करमत नाही' म्हणजे खोलवरचे नैराश्य होते आणि माझ्या एका शब्दाने ते झाकले जाणार होते. त्या दिवसापासून रुग्णाचे वाक्य आधी त्याच्याच शब्दांत, मराठीत, अवतरणचिन्हांत लिहायचे आणि मगच आपला अर्थ लावायचा, ही शिस्त मला लागली. ही शिस्त कोणत्याही पुस्तकातून लागली नसती.

देखरेखीने काय साधते याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा आपल्याला गोव्यातच मिळतो. १९९६ पासून तिथे काम करणाऱ्या 'संगात' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना मोजके प्रशिक्षण देऊन, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांबरोबर सहा ते आठ भेटींचा एक सोपा उपचार त्यांच्याकडून करवून घेतला. उपचाराचा गाभा एवढाच होता की नैराश्यामुळे सुटून गेलेली अर्थपूर्ण कामे रुग्णाने एकेक करून पुन्हा हाती घ्यावीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे वाचून 'म्हणजे पदवीची गरजच नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या समुपदेशकांच्या कामाचे सतत मूल्यमापन होत होते, त्यांच्या भेटींची ध्वनिमुद्रणे ऐकली जात होती, आणि ठराविक काळाने एकत्र बसून कुठे घाई झाली, कुठे सल्ला देण्याचा मोह झाला, हे ते एकमेकांना सांगत होते. पदवी नसलेल्या माणसाला देखरेख असेल तर इतके साधते, आणि देखरेख नसेल तर पदवी असलेला माणूसही तीच चूक वीस वर्षे करत राहू शकतो.

मराठीत ऐकणे

शिक्षण बहुतांशी इंग्रजीत होते आणि दुःख मराठीत सांगितले जाते. या दोहोंमधले अंतर भरून काढणे हा या व्यवसायातला एक स्वतंत्र अभ्यास आहे. 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात मुंग्या आल्यासारखं होतं', 'छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं', 'अंगात वारं भरतं', 'कुणीतरी केलंय', 'बाहेरचं आहे' या वाक्यांना पाठ्यपुस्तकात थेट प्रतिशब्द नाहीत. त्यातले प्रत्येक वाक्य विदर्भात, कोकणात आणि मराठवाड्यात थोड्या वेगळ्या अर्थाने येते. घरात कोणाला 'बाहेरचं' झाले आहे असे सांगणाऱ्या सासूला पहिल्याच भेटीत खोटे पाडले, तर ती सुनेला पुन्हा दवाखान्यात आणणार नाही. आणि तिच्या म्हणण्याला मान डोलावली, तर आजारी सुनेचा घात होईल. या दोन टोकांच्या मधली वाट भाषेतूनच सापडते. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना मी मुद्दाम सांगतो की तुमची बोली ही या क्षेत्रातली तुमची शिदोरी आहे. इंग्रजी शिकावे लागेल, कारण ग्रंथ आणि परीक्षा इंग्रजीत आहेत. पण आजीच्या तोंडचा शब्द कानाला कळणे, हे नंतर शिकून येणे त्याहून कठीण आहे.

काम कुठे मिळते

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग. त्यात जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असा चमू अपेक्षित असतो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. किशोरवयीन मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत मदत मिळते, आणि तिथे फोन घेणारी माणसे प्रशिक्षित समुपदेशक असतात. यांतल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, करार अकरा महिन्यांचे असतात आणि मानधन कामाच्या भाराला साजेसे नसते. हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे, कारण आदर्शवादाने आलेली मुले दोन वर्षांत कडवट होऊन बाहेर पडलेली मी पाहिली आहेत. तरीही पहिली दोन-तीन वर्षे जिल्हा रुग्णालयात काढावीत असेच माझे मत आहे, कारण तिथे एका महिन्यात जितक्या तऱ्हेची माणसे भेटतात तितकी खासगी दवाखान्यात वर्षभरात भेटत नाहीत.

स्वयंसेवी क्षेत्रात महाराष्ट्राची परंपरा भक्कम आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच प्रशिक्षण घेऊन समुपदेशक आणि कार्यकर्ते झाली, आणि आजारातून गेलेल्या माणसाचा अनुभव हीसुद्धा एक पात्रता असू शकते हे मराठी समाजाला प्रत्यक्ष दिसले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उपचारांबरोबरच मराठीतून लोकशिक्षण करते. अशा ठिकाणी पदवीच्या सुट्टीत महिना-दोन महिने स्वयंसेवक म्हणून राहिले, तर हे काम आपल्याला मानवते की नाही याचा अंदाज बराच लवकर येतो.

स्वतंत्र व्यवसायाविषयी थोडक्यात सांगतो. पदव्युत्तर शिक्षण संपताच ऑनलाइन सत्रे सुरू करण्याची घाई आता फार दिसते. खोलीभाडे वाचते हे खरे, परंतु नवशिक्याच्या शेजारच्या खोलीत विचारायला कोणी नसते आणि संकटातल्या माणसाच्या घराचा पत्ताही आपल्याकडे नसतो. निदान तीन वर्षे एखाद्या चमूत काम करून, आपल्याला न पेलणारी केस कोणाकडे पाठवायची त्यांची नावे-क्रमांक हाताशी जमवून, मगच पाटी लावावी. आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त राहणे हा त्याच कायद्याने दिलेला रुग्णाचा हक्क आहे. लहान गावात हा दुसरा भाग विशेष अवघड जातो, कारण रुग्ण आपल्या मावशीच्या शेजारी राहत असतो आणि मावशी रविवारी सहज विचारते, "ती तुमच्याकडे आली होती म्हणे?"

सुरुवातीला उल्लेख केलेल्या मुलीसारखे, घरातले दुखणे पाहून या वाटेला आलेले विद्यार्थी मला नेहमी विचारतात की आपला स्वतःचा त्रास आड येईल का. पूर्वी ज्याला नैराश्य आले होते, ज्याच्या घरात आत्महत्या झाली आहे, तो हे काम करू शकतो, आणि अनेकदा फार चांगले करतो. अट एवढीच की आपल्या जखमेची देखभाल त्याने दुसऱ्या कोणाकडे सोपवलेली असावी, म्हणजे स्वतः थेरपी घेतलेली किंवा घेत असावी. आपल्या आईला वाचवता आले नाही म्हणून समोरच्या प्रत्येक बाईला वाचवायला निघालेला समुपदेशक लवकर थकतो आणि थकण्याआधी रुग्णाचे नुकसान करतो. चांगला सुपरव्हायझर ही गोष्ट विद्यार्थ्याच्या आधी ओळखतो.

तेव्हा प्रवेशाच्या दिवसांत विभागप्रमुखांना नम्रपणे पण नेमके विचारावे : दोन वर्षांत प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास मिळतील, कोणत्या रुग्णालयात, आठवड्यातून किती वेळा आणि कोण आमच्या केसेस ऐकणार, त्या व्यक्तीचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, आणि हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर माझे नाव कोणत्या नोंदवहीत, कोणत्या पदनामाने लागेल. शेवटची चौकशी मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडे करावी. त्यांची गाठ घालून द्यायला विभाग कचरत असेल, तर महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तासभर थांबावे. तिथे वार्षिक शुल्काबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतील. पण "आमच्या मॅडम दर गुरुवारी आमच्या केसेस ऐकतात" असे सांगणारी एक जरी विद्यार्थिनी भेटली, तरी तिच्याजवळ बसून सगळे सविस्तर विचारून घ्यावे.